चाकणचा संग्रामदुर्ग आणि १६६० चा वेढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण म्हटलं की आता लोकांना एमआयडीसी आठवते, गाड्यांचे कारखाने, कांद्याचा बाजार आणि पुणे-नाशिक हायवेवरचं ट्रॅफिक. तिथे एक किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यात तीन-साडेतीनशे माणसांनी मुघलांच्या मोठ्या फौजेला जवळजवळ दोन महिने बाहेर उभं केलं होतं, हे सांगितलं की समोरचा म्हणतो "चाकणला किल्ला?" आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा बसून सगळी उत्तरं एका जागी लिहून टाकली.

थोडक्यात काय झालं होतं?

औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि १६६० च्या सुरुवातीला औरंगाबादहून स्वराज्यावर निघाला. नगर, सुपे, बारामती, शिरवळ असं करत, वाटेत मराठ्यांच्या तुकड्यांचे चटके खात, ९ मे १६६० ला पुण्यात पोचला. १९ जूनला पुण्यातून निघाला, २१ जूनला चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. १४ ऑगस्टला सुरुंगाने एक बुरूज उडाला, १५ ऑगस्टला मुख्य किल्ला पडला, आणि मग आतल्या गढीत मागे सरलेल्या लोकांनी बोलणी करून किल्ला सोडला. एवढंच. पण खरी गंमत या "एवढंच" च्या आत आहे.

संग्रामदुर्ग आणि चाकणचा किल्ला एकच की वेगवेगळे?

एकच.

हा भुईकोट होता ना? मग एवढे दिवस टिकला कसा?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे डोंगरी किल्ला. राजगड, तोरणा, रायगड, कडा असतो, वर जायला एखाददुसरी वाट असते, निम्मं काम डोंगरच करतो. चाकणला तसलं काही नाही. सपाट माळ, चहूबाजूंनी घोडं फिरवता येईल असा, तोफा कुठेही नेऊन लावता येतील असा. अशा ठिकाणी किल्ल्याला वाचवतात तीन गोष्टी, खंदक, तट आणि आतली शिबंदी (किल्ल्यात ठेवलेली फौज). चाकणचा कोट साधारण चौकोनी, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खोल खंदक आणि आत जायला पूर्वेकडून वाट, तीही एकामागोमाग एक दरवाजे ओलांडत. म्हणजे दरवाजा फोडून आत घुसू म्हणणाऱ्याला पहिला फोडल्यावर दुसऱ्यासमोर अडकून वरून मार खायचा. त्यामुळे खानाने दरवाजाचा नाद फारसा केलाच नाही, तटाच्या मागे लागला.

दुसरी गोष्ट पाऊस. वेढा बसला तो ऐन आषाढाच्या तोंडाला आणि संपला श्रावणात. खंदकात पाणी, मोर्च्यांमध्ये (वेढा घालणाऱ्यांच्या आडोशाच्या जागांमध्ये) चिखल, तोफ ओढायला बैल लावले तर बैलच रुतणार, आणि दारू सर्द झाली की बंदूक नुसती काठी. हे हाल दोन्हीकडचे बरं का, आतल्यांचीही दारू सर्द होतच असणार. पण आतल्यांच्या डोक्यावर छप्पर होतं आणि बाहेरचे उघड्यावर होते. पावसाळ्यात भुईकोटाचा खंदक म्हणजे फुकट मिळालेला पहारेकरी.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. फिरंगोजी चाकणला नवे नव्हते. महाराजांनी सुरुवातीच्या काळात चाकण स्वराज्यात घेतलं तेव्हा किल्लेदारी त्यांच्याकडेच ठेवली, म्हणजे वेढा पडला तेव्हा हा माणूस त्या कोटात वर्षानुवर्षं राहिलेला होता. कुठला तट कच्चा, कुठे पाणी मुरतं, कुठल्या बुरुजावरून काय दिसतं हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

खानाला चाकणच का हवं होतं? राजगडावर का नाही गेला?

कारण पोट. पुण्यात एवढी फौज बसवून ठेवायची तर धान्य, वैरण, दारूगोळा सगळं नगर आणि औरंगाबादकडून यायला पाहिजे. पावसाळा लागला की मधल्या नद्या फुगतात, भीमा, भामा, इंद्रायणी, आणि रसद अडकते. मराठ्यांनी पुण्याच्या आसपासचं आधीच मोकळं करून ठेवलेलं, लुटायलाही काही शिल्लक नाही. चाकण पडतं पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर आणि नगरकडे जाणाऱ्या वाटांवर, इंद्रायणी आणि भामेच्या मधल्या पट्ट्यात. ते हातात आलं की मागची वाट सुरक्षित.

शिवाय खानाचा हिशोब असा असणार की डोंगरी किल्ले नंतर बघू, आधी सपाटीवरचा सोपा घेऊ. सोपा! तिथेच तर फसला.

किती विरुद्ध किती?

आत तीनशे ते साडेतीनशे. बाहेर साधारण वीस हजार धरतात. फॉरवर्डमध्ये कुठे पन्नास हजार येतं, कुठे एक लाख येतं, तर ते आकडे खानाच्या अख्ख्या मोहिमेच्या फौजेचे असतात, आणि ती सगळी काही चाकणच्या खंदकाभोवती बसली नव्हती, पुण्यात होती, वाटांवर होती, ठाण्यांमध्ये वाटलेली होती. आकडा फुगवायची मला तर गरजच वाटत नाही. वीस हजार धरले तरी एकाला साठ पडतात. अजून किती पाहिजेत?

वेढा ५४ दिवसांचा, ५५ दिवसांचा की ५६ दिवसांचा? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं.

भांडण मोजण्याचं आहे, इतिहासाचं नाही. २१ जून ते १४ ऑगस्ट मधे ५४ दिवस जातात. पहिला दिवस पण धरला तर ५५. किल्ला १५ तारखेला पडला म्हणून तो दिवसही धरला तर ५६. तिन्ही बरोबर. तुम्हाला आवडेल तो घ्या पण यावरून कुणाशी वाद घालू नका.

शिवाजी महाराज मदतीला का आले नाहीत?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज जरा खाली जातो, जणू काही अवघड विचारतोय. अवघड काही नाही, तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

मार्च १६६० पासून महाराज पन्हाळ्यावर आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. चाकणला वेढा बसला २१ जूनला, तेव्हा महाराज स्वतःच वेढ्यात. ते पन्हाळ्यावरून निसटले जुलैच्या १२-१३ तारखेच्या रात्री, मागे बाजीप्रभू खिंडीत पडले, महाराज विशाळगडाला पोचले. तोपर्यंत चाकणला वेढा बसून तीन आठवडे झाले होते. म्हणजे एकाच पावसाळ्यात दक्षिणेला आदिलशाही फौज आणि उत्तरेला मुघल, दोन्हीकडून स्वराज्य दाबलं गेलेलं. आपण पावनखिंड आणि चाकण वेगवेगळ्या गोष्टी म्हणून ऐकतो ना, त्यामुळे हे डोक्यात येतच नाही की बाजीप्रभू खिंडीत लढत होते तेव्हाही फिरंगोजी चाकणच्या तटावर जागेच असणार.

बरं, सुटल्यावर तरी यायचं होतं, असं म्हणणारेही असतात. यायचं म्हणजे काय करायचं? चाकण सपाटीवर. तिथे जाऊन वेढा फोडायचा म्हणजे मुघल घोडदळाशी उघड्या माळावर समोरासमोर लढायचं, जे त्यांचं बलस्थान आणि आपलं नाही. आणि पन्हाळ्याचा प्रश्न अजून संपला नव्हता, तो किल्ला शेवटी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. जो माणूस अख्खा पन्हाळा सोडून देऊन एक आघाडी बंद करतो तो एका भुईकोटासाठी उरलेली फौज माळावर उभी करणार नाही. फिरंगोजींना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. कुमक येणार नाही हे माहीत असताना लढणं आणि उद्या कुमक येईल या आशेवर लढणं यात फार फरक आहे.

सुरुंग म्हणजे नक्की काय? आणि पाण्याच्या खंदकाखालून कसा काय खणला?

आजचा जमिनीत पुरलेला सुरुंग डोक्यातून काढून टाका. वेढ्यातला सुरुंग म्हणजे बोगदा. आधी मोर्चे पुढे पुढे सरकवत आणायचे, मातीचे आडोसे करत, म्हणजे तटावरची गोळी लागू नये. पुरेसं जवळ आलं की तिथून जमिनीखाली खणायला लागायचं, लाकडाचे टेकू देत, खंदकाच्याही खालून, थेट बुरुजाच्या पायापर्यंत. तिथे खोली केल्यासारखी मोकळी जागा करायची, त्यात दारू भरायची, मागचं तोंड दगडमातीने घट्ट बुजवायचं म्हणजे स्फोटाचा जोर मागे न येता वर जाईल, आणि वात पेटवून पळायचं.

आता हे भर पावसाळ्यात करायचं. वरून पाणी, बाजूच्या खंदकातून पाझर, कधी खचेल सांगता येत नाही, आणि वरून किल्ल्यातल्या लोकांचा मारा चालूच. खानाच्या लोकांनी उत्तरेच्या मोर्च्यांकडून असा बोगदा नेला. दोन महिने का लागले याचं निम्मं उत्तर इथेच आहे. मुघलांचं कौतुक करायचं नाही असा काही नियम नाही, ते खणणारे बेलदार कोण होते त्यांची नावं कुठेच नाहीत पण काम जबर होतं.

१४ ऑगस्टला काय झालं?

दुपारी तिसऱ्या प्रहराच्या सुमाराला सुरुंग उडवला. ईशान्य कोपऱ्याचा बुरूज त्यावरच्या माणसांसकट उडाला. तटाला भगदाड पडलं आणि मुघल सुलतानढवा (सगळ्यांनी एकदम जोराचा हल्ला) करून धावले, की झालं आता, आत शिरायचंच बाकी.

आणि आत शिरतात तर समोर मातीचा उंच बांध! पडलेल्या बुरुजाच्या मागे आतल्यांनी तो आधीच घालून ठेवलेला. त्याच्या आडून बाण, बंदुका, हुक्के, दगडधोंडे, जे हाताला लागेल त्याचा मारा. (बाण म्हणजे धनुष्याचे नाही, दारूचे, रॉकेटसारखे सुटणारे. हुक्के म्हणजे हाताने फेकायचे दारूचे गोळे.) हल्ला तिथेच अडला. संध्याकाळपर्यंत मुघलांना पुढे सरकता आलं नाही, पण ते मागेही गेले नाहीत, रात्रभर त्या ढिगाऱ्यालाच चिकटून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले.

माझ्या मते अख्ख्या वेढ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हा बांध आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जरा विचार करा, बुरूज उडायच्या आधी त्याच्या मागे बांध घालायचा म्हणजे हा बुरूज जाणार हे त्यांना कळलेलं होतं. खालून खणल्याचा आवाज आला असेल, मोर्चे कुठे सरकतायत ते दिसत असेल, माती कुठे टाकतायत ते दिसत असेल. सुरुंग थांबवता येत नाहीये हे ओळखून, अर्धपोटी, भिजलेल्या, पन्नास दिवस न झोपलेल्या माणसांकडून फिरंगोजींनी पावसात माती वाहून घेतली. तलवार घेऊन तटावर उभं राहिलेलं चित्र सगळ्यांना आवडतं, पण ती लढाई एक दिवस पुढे ढकलली ती फावड्याने आणि पाटीने.

मग शेवटी शरण गेलेच ना?

गेले. १५ तारखेला मुघल तट चढून आले, मुख्य कोटात कापाकापी झाली, उरलेले आतल्या गढीत मागे हटले. मग खानाच्या फौजेतला राजपूत सरदार राव भावसिंह हाडा मध्ये पडला, त्याच्या मध्यस्थीने बोलणी झाली, कौल (सुखरूप जाऊ देण्याचं वचन) घेतला आणि उरलेली माणसं बाहेर पडली.

काहींना इथे वाईट वाटतं, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत का नाही लढले वगैरे. मला हे पटत नाही. किल्ला गेलेलाच होता. गढीत आणखी दोन दिवस काढून सगळे मेले असते तर एक पोवाडा जास्त झाला असता, पण महाराजांकडे परत गेलेली कसलेली माणसं कमी झाली असती, आणि स्वराज्याला तेव्हा माणसांचीच टंचाई होती.

खानाने फिरंगोजींना बादशाही नोकरी देऊ केली होती हे खरं का?

हो, असंच सांगितलं जातं, खान त्यांच्या लढण्यावर खूश झाला आणि बादशाहीत या म्हणाला. फिरंगोजींनी नाही म्हटलं. खानाने त्यांना आणि त्यांच्या माणसांना जाऊ दिलं. ते महाराजांकडे गेले, महाराजांनी किल्ला गेला म्हणून दोष न देता मान दिला आणि पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांच्याकडे दिली.

नाव फिरंगोजी म्हणजे ते पोर्तुगीज वगैरे होते का?

नाही हो. मराठाच. फिरंग म्हणून एक सरळ, लांब पात्याची तलवार तेव्हा वापरात होती, नावाचं मूळ शोधायचंच तर तिकडे शोधा. आडनाव नरसाळा पण लिहितात आणि नरसाळे पण.

किल्ला गेला म्हणजे हरलोच की. मग याचं एवढं काय?

हरलोच. यात शब्दांचे खेळ करून "नैतिक विजय" वगैरे म्हणायची मला हौस नाही. पण समोरच्याला तो किल्ला केवढ्याला पडला ते बघा. मुघलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. म्हणजे आठशेच्या वर माणसं, आतल्या शिबंदीच्या दुपटीपेक्षा जास्त. वर अख्खा पावसाळा गेला. आणि मिळालं काय तर सपाटीवरचा एक कोट, ज्याचं नाव बदलून इस्लामाबाद ठेवलं.

आता खानाच्या जागी बसून विचार करा. सपाटीवरच्या, साडेतीनशे माणसांच्या कोटाला ५५ दिवस आणि आठशे माणसं लागत असतील तर राजगडाला किती? सिंहगडाला किती? पुरंदरला किती? हा त्रैराशिकाचा हिशोब त्याने नक्की मांडला असणार, कारण पुढे तो जातीने कुठल्या डोंगरी किल्ल्याच्या वाटेला गेल्याचं दिसत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परिंडा घेतला तो लढून नाही, आतल्या किल्लेदाराला फितवून. आपला सरदार कारतलबखान याला कोकणात उतरायला पाठवलं तर २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत महाराजांनी कोंडून सगळं सामान टाकून जायला लावलं. आणि स्वतः खान पुण्यात लाल महालात बसून राहिला तो ५ एप्रिल १६६३ च्या रात्री बोटं जाईपर्यंत. आता हे सगळं चाकणमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण चाकणला जीभ पोळली नसती तर तो लाल महालात असा तीन वर्षं फुंकून ताक पीत बसला असता का, हा प्रश्न आहेच.

पुरंदर, रामसेज यांच्याशी तुलना केली तर?

करू नये असं नाही, पण प्रत्येकाचं वेगळं आहे. पुरंदरला १६६५ मध्ये मुरारबाजी सातशे माणसं घेऊन बाहेर पडून मुघल सरदार दिलेरखानाच्या अंगावर गेले आणि पडले, ती झेप होती. रामसेज संभाजी महाराजांच्या काळात वर्षानुवर्षं लढला, पण तो डोंगरी, आणि तिथे लाकडाच्या तोफा कातडं गुंडाळून चालवल्याची गोष्ट आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. चाकणचं वेगळेपण एकच, पायाखाली डोंगर नव्हता.

चाकणला आधीचा काही इतिहास आहे का?

भरपूर. बहमनी काळात त्यांचा सरदार मलिक-उत्-तुजार याने इथेच तळ ठेवून कोकणात मोहीम काढली होती, १४५३ मध्ये तो खेळण्याच्या (म्हणजे विशाळगडाच्या) जंगलात शिर्क्यांच्या डावात सापडून मारला गेला आणि वाचलेले लोक चाकणलाच पळून आले. पुढे निजामशाहीकडून भोसल्यांना जहागिरी मिळाली त्यात पुणे आणि सुपे परगण्यांबरोबर शिवनेरी आणि चाकण हे किल्ले होते. म्हणजे चाकण महाराजांच्या घरात आजोबांपासून होतं.

भूपाळगडावर फिरंगोजींचं काय झालं?

ही गोष्ट वाईट आहे. १६७९ मध्ये दिलेरखान भूपाळगडावर आला (सांगली जिल्ह्यात, बाणूर गावाजवळ) आणि त्याच्याबरोबर होते खुद्द युवराज संभाजीराजे, जे तेव्हा मुघलांना मिळाले होते. ज्या माणसाने चाकणला शाहिस्तेखानाला दाद दिली नाही त्याच्या समोर आता धन्याचाच मुलगा. तोफ कुणावर डागायची? गड गेला, आणि दिलेरखानाने पकडलेल्या सातशे लोकांचा एकेक हात तोडला. पुढचं मी सांगत नाही, त्यात बखरींच्या कथा मिसळलेल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर फिरंगोजींना मला चाकणच्या बांधामागेच बघायला आवडतं.

आता किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे?

रायगडाच्या तयारीने जाऊ नका, निराश व्हाल. तट पडलेला, वस्ती अगदी अंगाला येऊन भिडलेली. थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची जागा कळते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा शेजारून गेलो आणि किल्ला दिसलाच नाही, शेवटी एका आजोबांनी काठीने दाखवला, "तुम्ही त्यातच उभे आहात."

जायचं कसं, कधी?

पुण्याहून साधारण तीस किलोमीटर, नाशिक हायवेने. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघा, शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकण चौकात सापडलात तर तुमचाच वेढा होईल. गावातलं चक्रेश्वराचं देऊळही बघून घ्या. आणि जमलं तर पावसात जा, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये. ईशान्येच्या बाजूला जाऊन उभे राहा, बुटांना किलोभर चिखल लागू दे, आणि मग याच चिखलात कोणीतरी बोगदा खणत होतं आणि आतून कोणीतरी त्याचा कानोसा घेत माती वाहत होतं हे आठवून बघा.